तीन वॅटची जयंती

"साउंडचं मी बघतो," असं मी म्हणालो आणि तिथेच सगळा घोळ झाला. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जयंती कमिटीची मीटिंग चालू होती आणि मी चहाचे कप आत-बाहेर करत होतो (घरच्या मीटिंगमध्ये माझं पद तेवढंच आहे). कपबशा घेऊन माणसानं गप्प आत जावं. पण बायकोसमोर आणि चार शेजाऱ्यांसमोर मोठेपणा मिरवायची संधी सुखदेव गणवीर सोडेल कसा?

विषय आमच्या हिच्या गाण्याचा होता. प्रेमला दरवर्षी जयंतीला एक भीमगीत म्हणते. ते तिच्या आईनं रचलेलं आहे, भंडाऱ्याला विड्या वळता वळता. कागदावर कधी आलं नाही, दोघी लेकींच्या तोंडी तेवढं उरलं. गेल्या वर्षी कमिटीनं डीजे बोलावला होता. कपाटाएवढे डबे, त्यावर निळे-हिरवे दिवे. प्रेमला गायली तेव्हा लोकांच्या छातीत धाडधाड झालं, दोन म्हाताऱ्यांनी बीपीची गोळी घेतली, आणि गाण्यातला एक शब्द कुणाला कळला असेल तर शपथ. घरी आल्यावर ती रडली. यंदा तर तिची मोठी बहीण विजया खास गाणं ऐकायला भंडाऱ्याहून येणार होती.

"आईचे शब्द लोकांना कळले पाहिजेत," प्रेमला मीटिंगमध्ये म्हणाली, "बाकी मला काही नको."

त्यावर मी वरचं वाक्य बोललो. कमिटीचे अध्यक्ष धम्मदीप रामटेके, म्हणजे आमचे अंडर सेक्रेटरी साहेब, त्यांनी 'बिल्कुल, बिल्कुल' म्हणत ताबडतोब मंजुरी दिली. ऑफिसात त्यांच्याकडून एक सही काढायला महिना जातो.

माझ्या धाडसाला आधार होता हेरंबचा. हेरंब आमच्या शेजारच्या सेक्शनमध्ये बसतो, मूळचा पुण्याचा, राहतो नोएडाला. त्याच्या फ्लॅटमधली एक खोली फक्त आवाजासाठी राखून ठेवलेली आहे. तिथे कुणी शिंकलं तर तो दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलत नाही. त्यानं स्वतःच्या हातानं एक ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर बनवला आहे. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या ना, तशा नळ्या. ताकद म्हणाल तर तीन वॅट. आमच्या बाथरूमचा बल्ब याहून जास्त आहे. पण हेरंबच्या मते त्यातून माणसाचा आवाज निघतो तसा जगात कशातूनही निघत नाही, त्यात श्वाससुद्धा ऐकू येतो. शब्द कळायला आणखी काय पाहिजे? मी मागितला, त्यानं दिला. आपलं पोर पहिल्यांदा होस्टेलला पाठवताना बाप देतो, तसा दिला.

देताना मात्र त्यानं मेट्रोत सबंध प्रवासभर माझं डोकं खाल्लं. अ‍ॅम्प कमी ताकदीचा असला की स्पीकर हाय सेन्सिटिव्हिटीचा लागतो, म्हणजे थोड्याशा ताकदीत मोठ्यानं बोलणारा. त्याचा डेसिबलचा आकडा पाहून घे, जोडी जमली पाहिजे, वगैरे वगैरे. मी मान हलवत होतो. वरिष्ठांसमोर हलवून हलवून ती आता आपोआप हलते, माझा तिच्याशी संबंध राहिलेला नाही.

मग मी स्पीकर आणायला गेलो. आता हे लक्षात घ्या की मी परचेस सेक्शनचा माणूस. दुकानदारानं तीन जोड्या दाखवल्या, तिन्हींची छापील माहिती पुढ्यात ठेवली. एकावर लिहिलं होतं सत्याण्णव डेसिबल, दुसऱ्यावर एक्याण्णव, तिसऱ्यावर चौऱ्याऐंशी. तीन पार्ट्या, तीन आकडे. सबंध सर्व्हिसमध्ये मी एकच काम केलं आहे. तीन आकडे शेजारी शेजारी मांडायचे आणि सर्वांत कमी आकडा पास करायचा. झोपेतून उठवून विचारलंत तरी मी हेच करीन. शिवाय दिल्लीतल्या माणसाला हवेनं एवढं तर शिकवलंच आहे की रोज सकाळी प्रदूषणाचा जो आकडा बघायचा तो जितका कमी तितका आपण जास्त जगणार. मी चौऱ्याऐंशीवर बोट ठेवलं. दुकानदार म्हणाला, सर, आपका अ‍ॅम्प कितने वॅट का है? मी म्हणालो, भाई, तुम पॅक करो. (अधिकाऱ्याला उलट प्रश्न विचारलेला मला आवडत नाही.)

घरी लावून पाहिलं तर काय गोड आवाज! आमची बैठकीची खोली केवढी, सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीला पाय टेकतात. प्रेमला माइकवर दोन ओळी गायली आणि स्वतःच चकित झाली. "अहो, अगदी आईसारखं वाटलं," असं ती म्हणाली आणि माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की लग्नानंतर पहिल्यांदाच मला आपण उंच असल्यासारखं वाटलं. दोन दिवस मला भाजीत मीठ कमी आहे का हेही विचारण्यात आलं.

जयंतीच्या संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये मी माझी ती जोडी स्टेजवर मांडली. हॉल गच्च भरला. एप्रिलचा उकाडा, म्हणून चारी कोपऱ्यांत मोठमोठे कूलर लावलेले, आणि दिल्लीचा कूलर चालू झाला की विमान उतरतंय की काय असं वाटतं. पहिलं भाषण रामटेके साहेबांचं. साहेब बोलायला लागले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, मधूनच मूठ वर जात होती, म्हणजे मुद्दा जोरदार असावा. तिसऱ्या ओळीच्या पलीकडे मात्र काहीही पोचत नव्हतं. मागून 'आवाज, आवाज' सुरू झालं. मी नॉब फिरवला. तो फिरून फिरून शेवटाला टेकला आणि आवाज वाढायच्या ऐवजी फाटला. साहेबांना वाटलं लोक 'आणखी' म्हणताहेत, त्यांनी भाषण वाढवलं.

तेवढ्यात हेरंब आला. आपलं पोर कसं आहे ते बघायला आला होता बिचारा. त्यानं स्पीकरच्या मागे जाऊन आकडा वाचला आणि स्टेजच्या पायरीवर मटकन बसला. त्यानं मला खालच्या आवाजात समजावलं की इथे आकडा जास्त तो चांगला, आणि सत्याण्णववाल्याएवढा आवाज काढायला या चौऱ्याऐंशीवाल्याला वीसपट ताकद लागते. "गणवीर, तू स्पीकर निवडलास की टेंडर काढलंस?" त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं नाही.

प्रेमलाची पाळी पुढचीच होती. पाहुण्या म्हणून पहिल्या ओळीत विजयाताई पदर सावरून बसल्या होत्या. प्रेमला माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात आता कौतुक नव्हतं. गेल्या वर्षी जे डीजेनं केलं तेच मी करणार होतो, फक्त उलट्या बाजूनं. तिथे आवाजात शब्द बुडाले, इथे शब्दांनाच आवाज मिळणार नव्हता. मला खरोखर लाज वाटली.

मी एक उपाय काढला. माइक घेतला, मग माइकचा उपयोग नाही हे आठवून तो ठेवला आणि ओरडून सांगितलं की मागच्यांनी पुढे येऊन बसावं. कुणीही जागचं हललं नाही. कसं हलणार? सरकारी कॉलनीत खुर्च्या आपोआप पे-लेव्हलनं भरतात. पुढे सोफ्यावर डायरेक्टर, मग अंडर सेक्रेटरी, मग आमच्यासारखे सेक्शन ऑफिसर, मग असिस्टंट, आणि अगदी मागे भिंतीला टेकून ज्यांना कुणी 'जी' लावत नाही ते. ज्यांनी आयुष्यभर समतेसाठी झुंज दिली त्यांचीच जयंती, पण डायरेक्टरच्या सोफ्यापुढे खुर्ची सरकवायची हिंमत कुणात असेल तर दाखवा. मी स्वतः सूचना देऊन माझ्याच ओळीत जाऊन उभा राहिलो होतो.

मग प्रेमला उठली. तिनं आधी चारही कूलर बंद करायला लावले. हॉलमध्ये एकदम शांतता झाली आणि सगळ्यांना घाम फुटला. माइक तसाच सोडून ती स्टेजवरून खाली उतरली, सोफ्यांच्या मधून चालत, माझ्या बाजूनं (माझ्याकडे न बघता) पार हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"खुर्च्या बाजूला घ्या," ती म्हणाली, "आणि खाली बसा. माझ्या आईचं गाणं वस्तीत असंच ऐकायचे."

ही ऑर्डर कुठल्या लेव्हलची होती देव जाणे, पण डायरेक्टरसाहेब सोफ्यावरून उठले आणि तिच्याभोवती सतरंजीवर येऊन बसले. साहेब बसल्यावर सगळेच बसले. भिंतीजवळचे पुढे आले, पुढचे मागे गेले, कोण कुणाच्या शेजारी बसलंय याचा काही हिशोब उरला नाही. प्रेमला गायला लागली. वॅट नाही, डेसिबल नाही, नळ्या नाहीत. एकेक शब्द लख्ख. शेवटच्या कडव्यात विजयाताई बसल्या जागेवरूनच बहिणीच्या सुरात सूर मिसळून गायला लागल्या, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. (घाम होता असं मी नंतर हेरंबला सांगितलं.)

गाणं संपल्यावर लोकांनी प्रेमलाला घेरलं. रामटेके साहेबांनी मला बाजूला घेऊन हात हातात घेतला आणि म्हणाले, गणवीरजी, साउंड सिस्टिम मुद्दाम बंद ठेवायची तुमची आयडिया फार उच्च होती. मी नम्रपणे मान हलवली. ती आपोआप हलते हे मी सांगितलंच आहे. स्टेजवर सिस्टिम अजून चालूच होती, पण ते कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

त्या आठवड्यात लक्ष्मीबाई नगरच्या मंडळाचा फोन आला. त्यांनाही प्रेमलाचं गाणं हवं होतं. फोन मी उचलला. आता मी शहाणा झालो होतो, चौऱ्याऐंशीवाले परत करून सत्याण्णववाले घरी आणून ठेवले होते, अ‍ॅम्पशी त्यांची जोडी अशी जमली होती की हेरंबनंसुद्धा डोळे मिटले. मी आवाजात वजन आणून सांगितलं की साउंडची तुम्ही काळजी करू नका, यावेळी सगळं मॅच करून घेतलंय.

पलीकडून मंडळाचे सेक्रेटरी अतिशय आदरानं म्हणाले, "नको साहेब, मॅडम आल्या की झालं. तुम्हीही जरूर या, जय भीम. फक्त हात हलवत या."

मी हो म्हणालो. विजयाताईंचं सामान पॅक करायला घेतलेली प्रेमला आतून विचारत होती, काय आणायला सांगितलंय त्यांनी? मी म्हणालो, तुझ्याकडून गाणं, आणि माझ्याकडून जे मी सबंध सर्व्हिस पास करत आलोय तेच, सर्वांत कमी आकडा. यावेळी शून्य.