सीतेच्या वेणीचं माप

आमच्या भोरमधले शमशुचाचा शिंपी दर शुक्रवारी नमाजाहून आले, की गळ्यातली टेप काढून एका झाडाच्या पानांचं माप घ्यायचे आणि गिऱ्हाइकांच्या वहीत लिहायचे. लांबी नऊ, रुंदी पाऊण. त्याच पानावर वर माझ्या ब्लाउजचं माप होतं. कापड देऊन दोन महिने झाले होते. मी शाळेत शिकवते, त्यामुळे आवाज चढवायला मला कष्ट पडत नाहीत. चाचा शांतपणे म्हणाले, "बाई, कच्ची टीप झालीय."

कच्ची टीप म्हणजे पक्क्या शिलाईआधी घातलेले, सहज उसवता येणारे लांब टाके. हे त्यांचं पालुपद. ब्लाउज, पोरांचे निकाल, गावची पाण्याची योजना, सगळ्याची कच्ची टीप झालेली असायची. चाची गेल्यावर मागच्या वर्षी ते मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले आणि दोन महिन्यांत परत आले. मी खोदून विचारलं, तर म्हणाले, "ती बी कच्चीच टीप व्हती. तिथली हवा मानवली न्हाई."

तर ते झाड. उन्हाळ्यात चाचा एका नवरीचे ब्लाउज पोचवायला पासली गावाला गेले होते. तिथं एका शेतकऱ्यानं आंब्यावरची बांडगुळं खरवडून बांधावर टाकली होती, आणि त्या ढिगात सीतेची वेणी होती. ही झाडाच्या फांदीवर वाढते आणि लग्नसराईत तिला फुलांचे लांब घोस येतात. पासलीच्या पोरी ते केसात माळून मापाला यायच्या, म्हणून चाचांनी ओळखली. आठवडाभर उन्हात पडून तिची पानं सुरकुतली होती, मुळं तुटली होती. चाचा म्हणाले, "ही बांडगूळ न्हाई." शेतकरी म्हणाला, "झाडावर फुकट बसतंय ते बांडगूळच की, चाचा."

चाचांनी ती ब्लाउजच्या रिकाम्या पिशवीत घातली आणि एसटीत मांडीवर घेऊन भोरला आणली.

मी लगेच सल्ला दिला, कुंडीत लावा, शेणखत घाला. "मातीतली न्हाई ती," एवढंच म्हणून त्यांनी काज कापायची बारीक कात्री घेतली. मऊ, पोकळ झालेली मुळं तेवढी छाटली, कापलेल्या जागी हळद लावली, तासभर पाण्यात ठेवली आणि सुती चिंधीनं आंब्याच्या खोडाच्या सालीच्या तुकड्यावर बांधली. इस्त्रीची फवाऱ्याची बाटली तिच्या सेवेला गेली आणि गिऱ्हाइकं चुरगळलेले कपडे घालून हिंडू लागली.

एवढं करूनही पानं गळत होती. सातातली तीन उरली, तेव्हा माझा धीर सुटला. "चाचा, टाकून द्या आता. एका बांडगुळापायी धंदा बसवाल."

चाचांनी मशीन थांबवलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"बाई, बांडगूळ झाडाचा रस पितंय. ही झाडाचं काय बी खात न्हाई. हवा आन् पाऊस, त्याच्यावर भागवती. नुसती बसायला जागा लागती तिला." मग सुईत दोरा ओवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाईला बी ह्येच सांगायचं व्हतं. ऱ्हाऊन गेलं."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. ब्लाउजचा विषय मी पुन्हा काढला नाही.

श्रावणात एके दिवशी चाचा भर दुपारी शाळेत आले. हातात तो सालीचा तुकडा. बुंध्यातून एक नवी मुळी निघाली होती, टोकाला हिरवीगार, आणि तिनं सालीला धरलं होतं. "अर्धा इंच," चाचा म्हणाले. त्यांनी मापही आणलं होतं.

मग बराच वेळ ते दारातच घुटमळले. "तुमच्या अंगणात आंबा हाय. तितं बांधू का हिला? दुकानात वारं न्हाई. तुमच्या आंब्याला तरास न्हाई द्यायची."

"बांधा की," मी म्हणाले. "आणि रोज संध्याकाळी पाणी मारायला तुम्हीच यायचं. चहा आमच्याकडेच घ्यायचा."

चाचा घाईघाईनं म्हणाले, "येतो की. चहा मातर म्या घरनं पिऊन येईन."