सतरंजीवर बसलेला देश

ताईचा लॅपटॉप वाजला आणि मी तो उघडला. एवढंच मी केलं.

माझी दैवशालाताई वकील होती. केदारखेड्याच्या माळवदावर बसून समुद्रातल्या एका चिमुकल्या देशाला फुकट सल्ला द्यायची. हवामानाच्या बैठकीला मोठे देश वकिलांची फौज आणतात. यांच्याकडे ताई एकटी. (मी आठवीतच शाळा सोडली. ताई म्हणायची, "भुजंग, तू गप बस. तेवढीच मदत कर.") पंधरवड्यापूर्वी ताई तापानं गेली. तिची चप्पल अजून दारात आहे. मी कुणाला हलवू देत नाही.

स्क्रीनवर गंभीर चेहऱ्याची माणसं दिसली. अंगात फुलाफुलांचे शर्ट. (दुःखाला असे शर्ट? असेल समुद्राकडची रीत.) मला वाटलं, तिकडून बसायला आली. आमच्याकडे दुःखाच्या घरी कुणी आलं की बोलायचं नसतं, खाली मान घालून बसायचं. मी लॅपटॉप ओसरीवर नेला. तिथं मामा आणि भावकी बसलेलीच होती.

"कोण आलंय रे?" अप्पारावमामांनी विचारलं.

"ताईचा देश."

"मंग सतरंजी टाक की त्यांनला!"

मी लॅपटॉप सतरंजीवर ठेवला. तिकडचा एकजण इंग्रजीत काहीतरी विचारत राहिला. (कसं झालं, काय झालं, असंच असणार.) मी मान खाली घातली. सगळ्यांनी घातली. शेवटी 'येतो' न म्हणताच स्क्रीन बंद झाली.

"रीतीची माणसं हायेत," मामा म्हणाले. दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत.

संध्याकाळी ताईची ज्युनियर अर्पिता भोकरदनहून धापा टाकत आली.

"भुजंग, काय केलंस तू? ताईच्या देशाचा मला फोन आला. ताई गेल्याचं त्यांनला माहीतच न्हाई! गावं बुडाली तर जबाबदारी मोठ्या देशांची, हे कलम खोडू का म्हणून विचारत होते. भर बैठकीत, सगळ्यांसमोर!"

ताईचं सगळं काम मी एका दुपारीत बुडवलं होतं.

"मंग? खोडलं?"

"कसं खोडतील? ताईच्या बाजूनं कुणी हो म्हणंना. पुढं मुंडण केलेला तू, मागं फेटेवाले, सगळ्यांच्या माना खाली. मोठ्या देशांचे वकील घाबरले. म्हणले, ही मंडळी बिलकुल हटणार न्हाईत. राहिलं कलम."

मग अर्पितानं त्यांना खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पुन्हा वाजला. तीच माणसं, पण आज शर्ट पांढरे. या वेळी ती खरंच बसायला आली होती. त्यांनीही आमच्यासारख्याच माना खाली घातल्या. मी पहिल्यांदाच मोठ्यानं रडलो.

उठताना त्यांच्यातला एकजण अर्पिताशी हळूच बोलला.

"पुढच्या बैठकीलाबी भुजंगनं असंच बसावं म्हणतेत," अर्पिता म्हणाली. "फक्त तोंड उघडायचं न्हाई."

माय पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माझी पोरगी जल्मभर त्याला दुसरं काय सांगत आल्ती?"