कोपऱ्यात एक माणूस कमी

"माणूस हा विचार करणारा प्राणी आहे," आर्लो ब्रन्सवोल्डने बूट चढवता चढवता जाहीर केलं. "आकडे समोर ठेवा, तो बरोबर निर्णय घेतो. आज अख्खं गाव गव्हर्नर थॉर्सबीबाईंच्या कोपऱ्यात उभं करून दाखवतो!"

"स्वेटर उलटा आहे," त्याची बायको लव्हॉन म्हणाली.

आर्लोने केल्सी ग्रोव्हच्या शाळेत इतकी वर्षं गणित शिकवलं होतं, की त्याला बघून निम्मं गाव अजून सरळ उभं राहायचं. निवृत्तीनंतर त्याने थॉर्सबीबाईंच्या प्रचाराची गावातली धुरा उचलली. उचलायला दुसरं कोणी नव्हतं. बाईंची आरोग्यविम्याची योजना त्याला तोंडपाठ होती, तळटिपांसकट.

लव्हॉन मात्र सिनेटर केलिंगच्या बाजूची. का? तर "त्याचे डोळे माझ्या वडिलांसारखे आहेत."

"डोळ्यांनी विमा मिळतो का?"

"तुझ्या बोलण्याने तरी कुठे मिळतो?"

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तेव्हा देशाच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायला मतपेटी नसायची. शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि सगळ्यांदेखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मग मोजणी. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नाहीत, तो मोडायचा, आणि तिथल्या लोकांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं नाहीतर घरी. मोडायच्या आधी थोडी मुदत मिळायची. तेवढ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना गळ घालायची, ओढाओढी करायची. यालाच तिथे लोकशाही म्हणतात, आणि तिला घामाचा वास येतो.

पहिल्या मोजणीला केलिंगच्या कोपऱ्यात जत्रा भरली होती. तिथे लव्हॉन पीनट बटरच्या वड्या वाटत होती. थॉर्सबीबाईंच्या कोपऱ्यात आर्लो धरून नऊ जण. हवे होते दहा.

"एक माणूस कमी!" सभेच्या अध्यक्ष मार्लिसबाईंनी शिट्टी फुंकली. "आता काय पटवायचं ते पटवा!"

बास्केटबॉलच्या जाळीखाली अजून कुठल्याच कोपऱ्यात न गेलेली काठावरची मंडळी घुटमळत होती. त्यांच्यात पुढे होता जीन पॉस्पिशिल. डुकरं पाळणारा, मनाने मोकळा, गणितात दोनदा नापास. आर्लोने तिवईवर तक्ता चढवला आणि छडी हातात घेतली.

"मुद्दा पहिला! विम्याचा हप्ता आणि उत्पन्न यांचं गुणोत्तर..."

"सर, हे परीक्षेला आहे का?" मागून कोणीतरी ओरडलं.

जाळीखालची माणसं एक पाऊल मागे सरकली. तरी आर्लो पाचव्या मुद्द्यापर्यंत पोचला. तिथे जीनने हात वर केला. वर्गातली सवय, दुसरं काय!

"सर, एक विचारू? तुम्ही बाईंना कधी निवडलंत? हे सगळं वाचायच्या आधी की नंतर?"

आर्लोने तक्त्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"आधी," तो पुटपुटला.

"मग कशावरून निवडलंत?"

"ते इथे गैरलागू आहे."

"सांगा की, सर!"

"जिल्ह्याच्या जत्रेत." आर्लोने छडी खाली केली. "स्पर्धेत मी व्हिनेगरमधल्या काकड्या ठेवल्या होत्या. आमच्या आईच्या पद्धतीच्या. आई गेल्यावर पहिल्यांदाच केल्या होत्या. परीक्षक म्हणाले, खारट आहेत. बक्षिसाची फीत नाही, काही नाही. मी बरणी घेऊन उभा होतो, तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी एक काकडी खाल्ली. आणि..." त्याने तक्त्याकडे पाठ फिरवली. "आणि दुसरी मागून घेतली."

जाळीखालची माणसं एक पाऊल पुढे सरकली.

"तुमच्या आईच्या काकड्यांना खारट म्हणाले?" जीनचे कान लाल झाले. "कोण तो परीक्षक? नाव सांगा त्याचं!"

"आमच्या लग्नात सरांच्या आईंनीच दिल्या होत्या हो काकड्या," एक बाई डोळे पुसत म्हणाली.

जीन तरातरा चालत थॉर्सबीबाईंच्या कोपऱ्यात आला. ती बाई आली. तिचा नवरा आला. केलिंगच्या कोपऱ्यातले दोघे हातातली वडी खाली ठेवून आले! कोपरा भरला. आता फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंच आर्लोला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"थांबा!" तो गरजला. "काकडीवरून देशाचा अध्यक्ष ठरवतात का? हे चुकीच्या रीतीने आलेलं बरोबर उत्तर आहे! याला मी अर्धेच गुण देतो! आधी योजना समजून घ्या. मुद्दा सहावा!"

"सर, आम्ही आलोय ना?" जीन गयावया करू लागला. "आता राहू दे."

"नाही! रीत महत्त्वाची! वजावटीची मर्यादा..."

केलिंगकडचे दोघे आपल्या वडीकडे परत गेले. सातव्या मुद्द्याला ती बाई नवऱ्याला म्हणाली, "चल, मला घेरी येतेय." नवव्याला जीनने डुकरांची आठवण काढली आणि तो बास्केटबॉलच्या जाळीमार्गे हळूहळू वड्यांच्या दिशेने सरकला. शिट्टी वाजली तेव्हा आर्लो तक्त्याकडे तोंड करून भागाकार करत होता.

"नऊ," मार्लिसबाईंनी मोजलं. "आणि त्यातले एक झोपलेत. कोपरा मोडला!"

बाकीच्या सातांनी झोपलेल्याला उठवलं आणि सगळे लाजत केलिंगकडे गेले. आर्लोने मात्र तक्त्याची गुंडाळी केली. तत्त्व म्हणजे तत्त्व! घरी जाणं कबूल, पण डोळ्यांवरून मत देणाऱ्यांत उभं राहणं? कदापि नाही! त्याने बाहेरचं दार उघडलं. फेब्रुवारीचा वारा भणाणत आत घुसला. तिथेच त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

दूरच्या कोपऱ्यातून लव्हॉन त्याच्याकडे बघून हात हलवत होती. जोरजोरात. गर्दीतून टाचा उंचावून.

आर्लोच्या छातीत काहीतरी वितळलं. एवढी वर्षं सोबत काढलेली बाई, सगळ्या गावासमोर त्याला आपल्याकडे बोलावत होती! गुंडाळी हातातून कधी सुटली ते त्याला कळलंही नाही. सगळी व्यायामशाळा ओलांडून तो तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

"केलिंग, आणखी एक!" मार्लिसबाईंनी पुकारलं. "मोजणी बंद!"

"आलो बघ," आर्लो म्हणाला.

"ते दिसतंय," लव्हॉन म्हणाली. "पण इकडे कशाला आलास? दार लाव म्हणून सांगत होते मी! पाय गारठले सगळ्यांचे."