नाही म्हणणारं माणूस

आमच्या शेजारचे वानखेडे काका चहात साखर किती घालायची हेसुद्धा मतदानाने ठरवायचे. टपाल टाकणारा, गवत कापणारा, माझा नवरा, अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसर गावात जो तावडीत सापडेल त्याला विचारायचे, "तुमचं मत काय, सांगा नं!" गॅरेजला निळा रंग की पिवळा, यावर मतं समसमान पडली. काकांनी दोन्ही रंग एकत्र कालवले. तो हिरवा गल्लीत कोणालाच नको होता.

त्यांचा सिद्धांत होता. "एकट्याचं डोकं म्हणजे कोरडवाहू जमीन, ताई. चार डोकी जोडली की पाणी लागतं. देश सोन्याने श्रीमंत होत नाही, एकमेकांना विचारल्याने होतो. पण सगळेच हो म्हणायला लागले की समजा, भिकेला लागला. नाही म्हणणारं एक तरी माणूस पाहिजे."

ते माणूस म्हणजे वंदनाकाकू. त्यांना नाही म्हणायला कारण लागत नसे.

"हिच्यामुळे आपलं घर प्रगत राष्ट्र आहे," काका म्हणायचे.

"राष्ट्राने आधी भांडी घासावी," काकू म्हणायच्या.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. दूर हर्नडनला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने धोशा लावला, "बाबा, घर सेल करू, इकडे या." काकांनी एका रविवारी आम्हा शेजाऱ्यांना गॅरेजमध्ये जमवलं. जावं की राहावं?

"गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही तुमच्याने," मी सरळ सांगितलं. "जा."

सगळ्यांचे हात वर झाले. काकांनी ते मोजले नाहीत. काकूंच्या घडीच्या खुर्चीकडे बघत राहिले.

"कोणीच नाही म्हणत नाही?"

मी व्यवहारी बाई आहे. त्यांनी जायलाच हवं होतं. तरी मी हात खाली घेतला.

"नाही."

"का बरं?"

"कारण काही नाही."

काका कितीतरी दिवसांनी हसले. "चला, आता याला निर्णय म्हणता येईल."

बहुमताने ते गेले. नव्या मालकांनी गॅरेज पांढरं केलं.

रविवारी त्यांचा फोन येतो. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. "इथे सगळे मला हो म्हणतात, ताई," ते सांगतात. मग हळूच विचारतात, "चहात दोन चमचे साखर घेऊ का?"

"नाही," मी म्हणते.