टोप्यांच्या विभागातल्या चटया

"नैला, दोन महिने झाले. कुणी विचारलं का?" सुई न थांबवता मोंजीने विचारलं.

"एकाने विचारलं," त्याची बायको चष्म्यावरून बघत म्हणाली, "किती अश्वशक्तीची आहे म्हणून."

मोंजीने सुई खाली ठेवली. कैरुआन शहरातल्या एका गल्लीत तो चाळीस वर्षं हलफा गवताच्या चटया विणत आला होता. अंथरायच्या नव्हेत, ऑलिव्हच्या घाण्याच्या. दोन गोल चकत्या काठाला शिवलेल्या. एका चकतीला लगदा भरायला मोठं भोक, दुसरीला घाण्याचा दांडा जाईल एवढं लहान. भरून एकावर एक रचायच्या, वरून दाब द्यायचा, की तेल पाझरतं. पण गावोगावचे घाणे गेले, पोलादी यंत्रं आली आणि चटयांची चळत दुकानाच्या छताला टेकली. हा हंगाम संपला की दुकान बंद करायचं, असं मोंजीने मनाशी ठरवलं होतं. बोलला मात्र नव्हता.

चटया इंटरनेटवरच्या बाजारात मांडायची कल्पना नैलाची. पोस्टाच्या खिडकीत तीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासून ती निवृत्त झाली होती. तिने विचारपूर्वक विभाग निवडला: 'यंत्रसामग्री आणि सुटे भाग'.

"तिथं कोण फिरकणार?" शेजारचा न्हावी फौजी गिऱ्हाईक अर्धवट भादरून सल्ला द्यायला आला. "वहिनी, अत्तरवाला खाटकांच्या आळीत बसला तर अत्तर विकलं जाईल का? जागा बदला. आणि फोटोत माणूस पाहिजे. नुसती चटई बघून कुणाला काय कळतंय?"

नैलाने मोंजीला दारात उभं केलं. दोन्ही हातांत चटयांचे गठ्ठे असले की उरलेली एक डोक्यावर ठेवायची, ही त्याची जुनी सवय. तसाच फोटो निघाला. माहिती भरून झाल्यावर बाजाराने आपणहून कळवलं, 'फोटो पाहून आम्ही योग्य विभाग निवडला आहे. मान्य?'

"बघ, किती व्यवस्थित काम आहे," म्हणत नैलाने 'मान्य' दाबलं. सरकारी असो वा खाजगी, छापील वाक्यावर तिचा फार विश्वास.

तिसऱ्या दिवशी महदियाहून मागणी आली. ऑलिव्ह तोडणाऱ्या बायकांची सहकारी संस्था, साठ नग. मोंजीने वाचलं आणि मग नैलाकडून पुन्हा वाचून घेतलं.

"तोडणाऱ्यांनी आता स्वतःचा घाणा घातला वाटतं. देव त्यांचं भलं करो!"

दोघांनी मिळून साठ चटया बांधल्या आणि पोस्टात दिल्या. त्या रात्री मोंजी जेवताना दोनदा हसला. नैलाने ते पाहिलं आणि त्याच्या ताटात आणखी एक वाटी शोरबा ओतला.

आठवड्याने बिझर्तच्या एका गृहस्थाचा निरोप आला: 'काळ्या रंगात मिळेल का? सासऱ्यांसाठी हवी. डोकं एकोणसाठ.'

"डोकं?" मोंजी म्हणाला. "घाण्याला कुठलं आलंय डोकं?"

नैलाने चष्मा पुसून पान उघडलं. वर ठळक अक्षरात होतं: 'टोप्या — स्त्रिया व पुरुष'. खाली मोंजी, डोक्यावर चटई, चेहरा गंभीर. डावीकडे इटालियन फेल्टची टोपी, उजवीकडे बाळाचं कानटोपरं.

"म्हणजे त्या साठ बायकांना..." नैला म्हणाली. "मोंजी, मी वाचलंच नाही रे. आयुष्यभर लोकांचे फॉर्म परत केले मी, न वाचता सही केली म्हणून!"

"जाऊ दे. तुझा एकच चुकला. तू तो विभाग आधी बदल. मी महदियाला जातो. चाळीस वर्षांत कुणाला फसवलं नाही, आता शेवटी शेवटी कशाला?"

'शेवटी' हा शब्द नैलाला लागला. पण विचारायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोंजी लुआजमध्ये, भाडं वाटून घ्यायच्या टॅक्सीत, बसला. आठवं माणूस येईपर्यंत गाडी हलेना. मांडीवर मकरूदचा खोका होता. माफी मागायला जायचं, तर खजुराचं काहीतरी गोड हवं. वाटभर तो वाक्यं जुळवत होता.

बागेत पोचला आणि ती सगळी विसरला. नोव्हेंबर लागला तरी त्या वर्षी ऊन उतरलं नव्हतं. शिड्यांवर, फांद्यांत, खाली पसरलेल्या जाळ्यांवर बायकाच बायका, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर त्याची चटई.

"कोण पाहिजे?" शिडीवरून एका धिप्पाड बाईने विचारलं. मन्नूबिया तिचं नाव. संस्था तीच चालवायची.

"मी मोंजी. कैरुआनचा. बाई, चूक झाली. या टोप्या नाहीत."

"मग काय आहे?"

"घाण्याच्या चटया."

मन्नूबिया एवढी हसली की फांदीवरचे ऑलिव्ह आपणहून गळाले. "ऐकलंत का गं? आपण डोक्यावर घाणा घेऊन फिरतोय!"

"मी परत न्यायला आलोय."

"हात तर लावून बघ! अरे भाऊ, दरवर्षी वरून काटक्या पडतात, कचरा पडतो, ऊन तापतं. दुसऱ्या टोप्या ओढणीवरून घसरतात. ही बसते ती बसतेच. आणि वर हे भोक, वारा आत येतो! ज्याच्या डोक्यातून हे निघालं, त्याच्या आईला स्वर्ग मिळो."

"ते दांड्यासाठी आहे," मोंजी प्रामाणिकपणे म्हणाला.

बायकांनी त्याला जेवायला बसवलंच. भाकरी, हरीसाची लाल चटणी, ताजं तेल. मकरूदचा खोका दोन मिनिटांत रिकामा झाला. तेवढ्यात माल न्यायला गाडी घेऊन बशीर आला, जवळच्या गावातला तेलवाला. आला तो थेट मन्नूबियाच्या डोक्याकडे बघत.

"ही चटई कुठून आणलीस? माझा आजोबांच्या वेळचा घाणा तीन वर्षं बंद पडलाय या चटयांवाचून! मला वाटलं, विणणारे सगळे गेले."

"एक शिल्लक आहे. इथं जेवतोय," मन्नूबिया म्हणाली.

"पण आम्ही इंटरनेटवर दोन महिने होतो!" मोंजीचा घास हातातच राहिला. "यंत्रसामग्रीत!"

"यंत्रसामग्रीत? चटई काय यंत्र आहे? मी चटयांत शोधत होतो!"

मोंजीने समोरच्या भाकरीला हात लावून कपाळाला लावला, बाहीने डोळे टिपले आणि हरीसा तिखट आहे म्हणाला.

घरी पोचला तेव्हा नैला दारातच उभी होती. "टोप्यांतून काढलं मी. पुन्हा यंत्रसामग्रीत टाकलं. आता आपल्या अंगावर खोटं नाही."

"काय केलंस हे! आधी परत टोप्यांत घाल. आणि चटयांतही घाल. यंत्रांतून तेवढं काढ." मग त्याने बसून सगळं सांगितलं, दुकान बंद करायचं ठरवलं होतं तेही, आणि ते आता रद्द झालं तेही. "तू ते वाचलं नाहीस म्हणून हे झालं, नैला. वाचलं असतंस तर मी संपलो होतो."

नैलाने डोळे पुसले आणि कपाटातून मापाची फीत काढली. टोप्या विकायच्या, तर मापं नीट हवीत. सुरुवात तिने समोरच्याच डोक्यापासून केली.

"हलू नको. छप्पन्न." तिने फीत पुन्हा गुंडाळून पाहिली. "छप्पन्नच. संसाराच्या चौतीस वर्षांत पहिल्यांदा मोजलं."

"मग?"

"काही नाही. मला मोठं वाटलं होतं."