आप्पांची पाणबुडी आणि आक्कांचा माग

बेळगावच्या खासबागेत आमच्या घरमालकांचा माग भरदुपारी थांबला, तर त्याला दोनच कारणं असत. एक, लाईट गेली. दोन, आप्पांच्या पाणबुडीवर शत्रूची युद्धनौका चालून आली.

माग चालवणाऱ्या माणसाला विश्रांती हवी, हे तिसरं कारण आमच्या गल्लीत कुणाच्या कानावर पडलेलं नव्हतं. ते पडावं म्हणून मी पत्रकं काढत होतो.

मी निपाणीहून कॉलेजसाठी बेळगावात आलो होतो आणि आप्पांच्या माळ्यावर भाड्यानं राहत होतो. कॉलेज नावाला. खरं काम सायक्लोस्टाईलवर कामगार चळवळीची पत्रकं छापायचं. ‘विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे!!!’ हे वाक्य माझं. उद्गारचिन्हं कमी करा म्हणून सहकारी सांगायचे. मी ऐकलं नाही.

आप्पांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवला. त्यात उजवा खांदा गेला आणि कान गेले. डाव्या कानानं काहीच ऐकू यायचं नाही, उजव्या कानानं त्यांना हवं तेवढं यायचं. आता माग त्यांच्या पत्नी आक्का चालवायच्या आणि आप्पा शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायचे. अशा घरात गल्फमधला पुतण्या सुट्टीला आला आणि जाताना टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर ठेवून गेला. सोबत टेपरेकॉर्डर आणि खेळाची एकच कॅसेट. ती लावली की खेळ सुरू होईपर्यंत पाच मिनिटं मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखा आवाज यायचा. घरात तो सहन करू शकणारे आप्पा एकटेच, त्यामुळे खेळाची मालकी आपोआप त्यांच्याकडे गेली.

खेळ पाणबुडीचा. टीव्ही काळापांढरा, त्यामुळे समुद्र राखाडी. आपण पाणबुडीचे कप्तान. समोर युद्धनौका दिसली की ठरवायचं: टॉर्पेडो सोडून लढायचं, की खोल जाऊन निसटायचं. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, ते मी आप्पांना मराठीत सांगितलं. जहाज एकटं असेल आणि बॅटरी भरलेली असेल तर लढावं. नाहीतर इंजिन बंद करून, अजिबात आवाज न करता तळाला पडून राहावं; वरचं जहाज कान लावून बसलेलं असतं.

“आवाज म्हंजे घरातला बी?” आप्पांनी विचारलं.

“नाही हो आप्पा, खेळातला! या डब्याला कान कुठले?” मी दोनदा ओरडून सांगितलं. आप्पांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी युद्धनौका आली आणि आप्पा गरजले, “अगं ए! माग थांबीव! वर फिरतंय त्ये!”

आक्कांनी दांडा ओढला. खडखड थांबली. आप्पांनी बोट खाली नेली, आणि चाळीस मिनिटं त्या घरात कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेतला नाही.

माझं सांगणं म्हाताऱ्याला ऐकूच गेलं नाही, असं मी समजलो.

मग हे रोजचंच झालं. “आप्पा, शेजारचे चार माग चालूच आहेत की! ते ऐकू जात नाहीत का जहाजाला?”

“ती दुसऱ्या समुद्रात हाईत.”

आप्पा कधीच लढले नाहीत. समोर एक जहाज असो की पाच, त्यांचं ठरलेलं: “खालीच बरं हाय.” सगळे टॉर्पेडो जसेच्या तसे घेऊन बोट बंदरात परत यायची. गुण शून्य. “माणसं आली न्हवं समदी माघारी? मग!” म्हणत आप्पा मिशीवरून हात फिरवायचे. कप्तान असा असेल तर चळवळ कशी उभी राहणार, या विचारानं माझं डोकं तापायचं.

आक्कांना दम्याचा त्रास. दुपारी मागापाशी उभ्या असल्या की छातीतली शिट्टी मला जिन्यापर्यंत ऐकू यायची. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली. “डाक्टरला काय जातंय सांगायला?” आक्का म्हणायच्या. आप्पांनी बस म्हटलं तर, “बसून काय तुमच्या तोंडाकडं बघू?” माग उभा राहिला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. फक्त जहाज आलं की त्या थांबायच्या. उंबऱ्यावर बसायच्या, पाय पसरायच्या, पदरानं वारा घ्यायच्या. मला म्हणायच्या, “बोट बुडली तर ह्यास्नी लई लागतंय रं मनाला.”

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मला दिसत नव्हतं. मी पत्रकं लिहीत होतो.

एका दुपारी मी बेळगावाबाहेरच्या मच्छे गावाहून परत आलो तो पेटलेलाच. तिथल्या कारखान्याच्या फाटकावर सभा ठेवलेली; शंभरजण येतो म्हणाले होते, आले सात. घरात पाऊल टाकलं तर टीव्हीवर एकटी युद्धनौका, ती पण लंगडी झालेली. आप्पांची बॅटरी भरलेली, सहाही टॉर्पेडो शाबूत. पुस्तकात याहून सोपा प्रसंग नव्हता.

“आप्पा, मारा! आत्ता नाही तर कधी?”

“न्हाय रं. खालीच बरं हाय.” आणि आत तोंड करून, “अगं ए! माग!”

माग थांबला. माझा तोल सुटला.

“तुमच्यासारख्या पळपुट्यांमुळंच सगळं अडलंय!” मी ओरडलो. “आणि आक्का, तुम्हीही ऐका. तो डबा बहिरा आहे! मागाचा आवाज त्याला जात नाही, जहाजाला जात नाही, कुणाला जात नाही. मी ह्यांना पहिल्याच दिवशी सांगितलंय. खुशाल चालू करा माग!”

आप्पांचं बोट बटणावर तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नव्हे. नीट लपून बसलेल्या माणसाचा ठावठिकाणा कुणी बोंबलून सांगावा, तसं पाहिलं. तेव्हा मला उमगलं की पहिल्या दिवशी त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

आक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या. छातीतली शिट्टी वाजत होती. आता उठतील, दांडा ओढतील, असं वाटून मी गारठलो.

“तुला काय कळतंय रं समुद्रातलं?” आक्का म्हणाल्या. “निपाणीचा तू!”

मग आप्पांना विचारलं, “किती खोल गेलाय हो?”

“दोनशे फूट,” आप्पा हळू म्हणाले.

“मग थांबूया की अजून जरा.”

आणि आक्कांनी भिंतीला पाठ टेकली.

मी माळ्यावर गेलो. नव्या पत्रकांचा गठ्ठा पडला होता. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, उद्गारचिन्हं तीन. असली पत्रकं मी मच्छ्यापर्यंत वाटली होती. खालच्या मजल्यावर एकही दिलं नव्हतं. आणि दिलं असतं तरी त्यानं आक्का चाळीस मिनिटं बसल्या नसत्या.

पुढं मी खोली सोडली, निपाणीला गेलो. आक्का गेल्याचं उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा मागावर चादर टाकलेली होती, तिच्यावर आडवं सूत नेणारा धोटा नीट ठेवलेला. आप्पा त्याच टीव्हीसमोर बसले होते.

“ये कार्यकर्ते,” म्हणाले आणि सरकून जागा दिली.

राखाडी समुद्रात युद्धनौका आली. माझा कान सवयीनं हाकेकडे लागला. आप्पांनी हाक मारली नाही. एकामागून एक सहा टॉर्पेडो सोडले. जहाज बुडालं, गुण भराभर चढले. आप्पांनी तिकडे पाहिलंही नाही.

“आप्पा, आता लढता?”

“व्हय,” ते म्हणाले. “लवकर आटपतंय.”