गादी नको, सतरंजी चालेल

मंदा मिस मुलीच्या हातात चेंडू देण्याआधी तिच्या आईचं माहेर विचारतात.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. वसईला आमच्या एव्हरशाईन सिटीत दर महिन्याला कसला ना कसला क्लास निघतो. कराटे झालं, अबॅकस झालं, कीबोर्ड झाला. त्यात एकदा कळलं की मागच्या मैदानावर मुलींची सॉफ्टबॉलची टीम निघतेय, ती गावोगाव स्पर्धांना जाणार आहे आणि फी अजिबात नाही. फी नाही म्हटल्यावर रविवारी पावणेसातलाच मी सायलीला घेऊन हजर. सायली माझी मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची. स्वभावाने इतकी सालस की चेंडू अंगावर आला तर बाजूला होऊन त्याला वाट देते.

मैदानात पन्नाशी उलटलेली एक बाई उभी. पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात स्पोर्ट्‌स शूज, गळ्यात शिट्टी, हातात वही.

"नाव काय?"

"सायली."

"तुझ्या आईचं माहेर कुठलं?"

सायली माझ्याकडे बघायला लागली. मीच म्हटलं, "जळगाव."

"जळगाव? तिथे तर लय स्पर्धा असतात." बाईंनी खूश होऊन एक चेंडू टाकला. सायलीने त्याला रीतसर वाट दिली. बाईंनी वहीत नाव लिहिलं. "घेतली. हात काय, सुधरतो. आजोळ थोडंच बदलतंय?"

तिथल्या तिथे पोरीला घेऊन घरी जावं असं माझ्या मनात आलं होतं. पण मागे रांगेत नालासोपाऱ्याची एक मुलगी होती, तिच्या आईचं माहेर जौनपूर निघालं. मिसनी डोकं खाजवलं. "जौनपूरला कधी स्पर्धा झाली तर बघू. तवर तू सेकंड बेसवर उभी ऱ्हा." आणि रोझलिन म्हणून अर्नाळ्याची एक लांब हातांची पोरगी होती. तिने चेंडू फेकला तो पकडणारीच्या हातातून निसटून थेट पार्क केलेल्या रिक्षेवर बसला. मिसचे डोळे चमकले. "आईचं माहेर?" तर तेही अर्नाळा, चार घरं सोडून. मिस एवढ्या हळहळल्या की विचारू नका. "आता अर्नाळ्याला कोन स्पर्धा घेनार गं?" तरीही घेतली. टीममध्ये निव्वळ खेळावर आलेली ती एकटीच.

यामागचा हिशेब मला पुढे कळला. बाहेरगावी टीम न्यायची तर राहणं आणि जेवण यातच दिवाळं निघतं. मिसचं म्हणणं, मुलींच्या आयांची माहेरं काय ओस पडलीत? जिथे स्पर्धा, तिथलं माहेर गाठायचं. अमरावती झालं, चिपळूण झालं, सांगली झालं. कुणाच्या मामाच्या माडीवर, कुणाच्या आजोबांच्या पडवीत आमच्या अकरा मुली ओळीने झोपायच्या. माझं अक्षर बरं आणि मी पतपेढीत नोकरीला, म्हणून यजमानांना निरोप लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मजकूर मिसनी एकदाच सांगितला, तो मी मोबाइलमध्ये ठेवून दिलाय. "नमस्कार. आमच्या अकरा मुली आणि दोन बायका स्पर्धेसाठी येत आहेत. माहेरवाशीण अमुक अमुक. भाजी एकच पुरे. गादी नको, सतरंजी चालेल." गावाप्रमाणे फक्त माहेरवाशिणीचं नाव बदलायचं.

बाकीचं सामान पाचूबंदरातून यायचं. मिसचा नवरा पास्कोल तिथला मासेमारी करणारा, दिवसातून मोजून दहा शब्द बोलणारा माणूस. फाटलेले ग्लोव्ह तो जाळं शिवायच्या सुताने शिवून द्यायचा आणि ते नव्यापेक्षा जास्त टिकायचे. कॅचरच्या मागे लावायला त्याचंच जुनं जाळं. त्यामुळे आमच्या टीमला सुक्या बोंबलाचा एक कायमचा वास होता. समोरची टीम नाक दाबून बॅटिंग करायची, आणि तो आमचा फायदाच आहे असं मिसचं मत होतं. कॅचरच्या छातीला बांधायचं पॅड परवडेना, तर मिसनी होडीतलं नारिंगी लाइफ जॅकेट आणून बांधलं. सांगलीला पंचांनी हरकत घेतली.

"मॅडम, हे काय आहे?"

"जॅकेट हाय. चेंडू लागनार नाय आनि पोरगी बुडनार पन नाय. नियमात कुठे लिवलंय, बुडायला पायजे म्हनून?"

पंचांनी नियमांचं पुस्तक चाळून बघितलं. नव्हतं लिहिलेलं.

तर अशी ही बाई, आणि तिचा एक नियम मात्र कडक होता. ज्या आईच्या माहेरी जायचं, ती आई मॅनेजर म्हणून सोबत हवीच. आता माझं माहेर जळगाव असलं तरी सासर पक्कं देवगडचं. माझ्या सासूबाई स्वभावाने वाईट नाहीत, पण मी माहेरी जायचं म्हटलं की त्यांच्या गुडघ्यात कळ येते. "दिवाळीक बघूया," म्हणायच्या. अशा चार दिवाळ्या बघून झाल्या होत्या. जळगावची स्पर्धा लागली तशा मिस आमच्या घरी आल्या त्या कागदात बांधलेला सुका जवळा घेऊनच.

"मावशी, मी तुमची सून नेत नाय. मॅनेजर नेतेय. मॅनेजर नसली तर टीम बाद करतात."

"बाद करतत?" सासूबाईंनी जवळ्याचा वास घेत विचारलं.

"सरळ बाद."

असा नियम जगात कुठेही नाही, हे मी नंतर शोधून काढलं. तेव्हा मात्र सासूबाईंनी स्वतः माझी बॅग भरली.

कुठेही गेलो की मिस पाचच्या ठोक्याला शिट्टी वाजवून मुलींना उठवायच्या. त्या शिट्टीने शेजारच्या तीन घरांतली माणसंही उठायची. पण जळगावला पहिल्या दिवशी मला जाग आली तेव्हा साडेआठ वाजले होते. मी दचकून उठले. दाराबाहेर सायली पहाऱ्याला बसलेली.

"मिसनी सांगितलंय तुला उठवायचं नाही. शिट्टीपण त्यांनी पार कोपऱ्यावर जाऊन वाजवली."

स्वयंपाकघरात आईबरोबर मिस लसूण सोलत होत्या. मी पोळपाटाला हात लावला तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "माहेरवाशीन कामाला हात लावनार नाय. टीमचा नियम हाय." मग आईने मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. लाज कशाला बाळगू, मी रडले. चार वर्षांनी आईचा हात डोक्यावरून फिरत होता. मिस सोललेलाच लसूण पुन्हा सोलत बघत बसल्या होत्या.

अशा एकेक करून आम्ही सगळ्या आया माहेरी जाऊन आलो. कुणी सहा वर्षांनी, कुणी नऊ. टीम निम्म्या वेळा पहिल्याच फेरीत हरायची. मिसना त्याचं फारसं काही वाटत नसे.

एक गोष्ट मात्र मुलींनी हेरली होती. भुसावळच्या गाडीने जळगावला जाताना वाटेत अमळनेर लागतं. गाडीचा वेग कमी झाला की मिस उठून संडासात जायच्या आणि गाडी हलल्यावरच बाहेर यायच्या. तीनदा गेलो, तिन्ही वेळा तेच. "मिसचं पोट अमळनेरलाच बिघडतं," रोझलिन म्हणायची, आणि आम्ही हसायचो.

यंदा स्पर्धा अमळनेरलाच लागली. साधीसुधी नाही, राज्याचा संघ निवडणारी मंडळी तिथे येऊन बसणार होती. रोझलिनचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. तिला कुणी बघायचं असेल तर ते अमळनेरलाच, नाहीतर कधीच नाही. आणि मिस म्हणाल्या, "नाय जायचं. तिथे कुनाचं माहेर नाय."

"जळगावला माझ्याकडे राहू. तासाभराचा तर रस्ता."

"नाय."

"एखादी धर्मशाळा बघू."

"सायलीची आई, नाय म्हनले ना?"

रोझलिनने मैदानावरचे बेस गोळा केले, वाळू भरलेली ती पोती रिक्षात टाकली आणि निघून गेली. मला मिसचा असा राग आला की काय सांगू. जौनपूरची पोरगी सांभाळून ठेवणारी बाई अमळनेरला अडते म्हणजे काय? मला गप्प बसवत नाही, हा माझा दोष सासूबाईंनी पहिल्या वर्षीच ओळखलाय. मी तडक पाचूबंदर गाठलं. मिस बाजारात गेल्या होत्या. पास्कोल किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता.

"पास्कोलभाऊ, मिसना अमळनेरचं एवढं काय वावडं आहे?"

त्याने दोन गाठी मारल्या, मग म्हणाला, "तिचं माहेर हाय तिथे."

मी त्या वाळूतच बसले. इतकी वर्षं मी त्यांना पाचूबंदरचीच समजत होते. बोलणंच तसं. पास्कोलने त्या दिवशी वर्षाचे शब्द खर्च केले. मंदा खेळाची शिक्षिका म्हणून वसईच्या शाळेत आली. दोघांनी लग्न केलं. जावई कोळी, त्यातून ख्रिस्ती, म्हणून तिच्या वडिलांनी दार लावलं ते अठ्ठावीस वर्षं उघडलं नाही. आई गेली ते कळलंच नाही. वडील गेल्याचं कळलं तेव्हा ती गाडीत बसून गेली, अमळनेरच्या फलाटावर दोन तास बसली आणि पुढच्या गाडीने परत आली.

"भाऊ हाय. मी म्हनलो, जायचं होतंस घरी. ती म्हनली, माझं नाव सांगून दार कोन वाजवनार?"

दार वाजवायचं काम माझंच होतं की. गावोगावी आजवर कुणी वाजवलं? जळगावच्या माझ्या भावाने दोन दिवसांत नंबर काढून दिला. मी मोबाइल काढला, तोच निरोप, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. अकरा मुली, दोन बायका, भाजी एकच पुरे, गादी नको, सतरंजी चालेल. माहेरवाशीण या शब्दापुढे मिसचं नाव टाकलं, माहेरच्या आडनावासकट. पाठवलं, आणि मग माझं मलाच वाटायला लागलं. कुणाच्या घरच्या जखमेत बोट घालायचा मला काय अधिकार? दोन दिवस उत्तर नाही. पतपेढीत मी एकाचं पासबुक दुसऱ्यालाच दिलं.

तिसऱ्या दिवशी मिसच्या वहिनींचं उत्तर आलं. एकच ओळ. "गाद्या उन्हात टाकल्या आहेत."

संध्याकाळी मैदानावर जाऊन मी मोबाइल मिसच्या हातात दिला. त्यांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मग तोंडात शिट्टी धरून एवढ्या जोरात वाजवली की मुली घाबरून मैदानाला फेऱ्या मारायला लागल्या. थांबा म्हणायचं मिसना सुचलं नाही. मुलींनी नऊ फेऱ्या मारल्या.

अमळनेरला मिसचे भाऊ स्टेशनवर आले होते. कपाळावर मिससारखीच आठी.

"आलीस?"

"अकरा पोरी हायेत, दादा. आनि सायलीची आई. एकच भाजी..."

"तू कशी गं बोलायला लागलीस?" ते म्हणाले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले, शिट्टी वाजली नाही. सहा वाजले, नाही. साडेसहाला मुली आपापल्या उठून तयार झाल्या, आणि रोझलिनने आतल्या खोलीचं दार हळूच ढकललं. मिस दोन गाद्या एकावर एक घातलेल्या अंथरुणावर गाढ झोपल्या होत्या, तोंड उघडं, हात उशीखाली. सामना आठला होता. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी 'उठवू नका' अशी मान हलवली. मग आम्ही चपला-बूट हातात घेऊन, लाइफ जॅकेट छातीशी धरून, चोरासारख्या अंगणातून बाहेर पडलो.

मॅनेजर मी. सॉफ्टबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. मी नारिंगी जॅकेटवरून पंचांशी भांडले तेवढंच, आणि बुडण्याचा मुद्दा मांडला.

बारा वाजता परत आलो तेव्हा मिस नुकत्या उठलेल्या. केस मोकळे, वहिनी मागे बसून तेल लावत होत्या.

"रोझलिनचं काय झालं?"

"घेतलं तिला. यादीत नाव आलंय."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले. "आनि मॅच?"

"हरलो."

"मॅनेजर कोन होती?"

"मी."

"मंग बरोबर," मिस म्हणाल्या, आणि केस बांधत पानं वाढायला उठल्या. डाळीचं पातेलं त्या उचलतच होत्या, तेवढ्यात सायली पुढे झाली आणि तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. चेंडूला वाट देणारी माझी पोरगी दारात आडवी उभी राहिली.

"मिस, माहेरवाशीन कामाला हात लावनार नाय. टीमचा नियम हाय."

मिसनी तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे, मग वहिनींकडे. कुणीच त्यांची बाजू घेईना. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दुसऱ्या कुणाचं तरी ऐकून खाली बसल्या.